सात मिलिमीटर दाढी

भाकरी मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि तो माझ्याकडं चार वर्षं जेवला.

मोजणारा म्हणजे किती खाल्ल्या ते मोजणारा नव्हे. तसले पुष्कळ बघितलेत. हा भाकरीची जाडी मोजायचा. लोकांच्या खिशात पेन असतं तसा ह्याच्या खिशात व्हर्नियर असायचा. पट्टीला चिमटा बसवल्यासारखं ते असतं. चिमट्यात वस्तू धरायची आणि पट्टीवर जाडी वाचायची. पहिल्या दिवशी ताटात भाकरी पडली तशी ह्यानं ती चार ठिकाणी चिमट्यात धरली आणि मला म्हणाला, "एका कडंला अडीच, दुसऱ्या कडंला चार. मावशी, उजवा खांदा दुखतोय का?"

मला आधी रागच आला. माझ्या भाकरीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. पण खांदा खरंच पंधरा दिवस दुखत होता आणि ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना तर नाहीच, कारण ते लगेच खानावळ बंद कर म्हणतात. त्या दिवसापासून मी ह्या माणसाशी वाद घालायचा असेल तर आधी नीट विचार करून मग घालायला लागले.

त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तो हे वाचेल आणि कुठं किती चुकलं ते फोन करून सांगेल. खानावळीतली पोरं त्याला गेज म्हणायची. कारखान्यात मापं तपासायची जी हत्यारं असतात त्यांना गेज म्हणतात म्हणे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तो तपासणीला होता. लोखंडाचे ओतीव भाग यायचे, ते मापात आहेत का नाहीत हे तो ठरवायचा. सकाळी शाहूपुरीतून कंपनीच्या बसनं जायचा, संध्याकाळी सात वाजता माझ्याकडं जेवायला. सात म्हणजे सात. पाच मिनिटं लवकर आला तर बाहेर उभा राहायचा.

त्याची दोन वाक्यं होती. एक म्हणजे, "मोजलंय का?" तुम्ही म्हणा, यंदा ऊन लई आहे, गूळ पूर्वीसारखा राहिला नाही, पोरी हल्ली शिकलेला नवरा मागतात. तो मान वर न करता विचारणार, "मोजलंय का?" मोजलेलं नसायचंच. मग बोलणाऱ्याचा घास तोंडातच फिरत राहायचा.

दुसरं वाक्य, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." ह्या वाक्यापायी आम्ही आठ दिवस कडू आमटी खाल्लेली आहे. आमटी कडू का लागते ते कळेना. मी म्हटलं, डाळ, तेल, मसाला, सगळंच टाकून देते आणि नवं आणते. तो म्हणाला, मग कशामुळं कडू होती ते जन्मात कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त पाणी बदललं. कडू. दुसऱ्या दिवशी पाणी जुनंच ठेवून डाळ बदलली. कडू. असं करत आठव्या दिवशी हिंगावर आलो. हिंगाची डबी बदलली आणि आमटी गोड झाली. पोरं चिडून बाहेर मिसळ खाऊन यायची, पण हा आठही दिवस वाटी पुरी करायचा, कारण चव बघणारा माणूसही बदलून चालत नाही.

असा माणूस कामाच्या ठिकाणी कसा असेल ते काही मला वेगळं सांगायला नको. एकदा जेवताना मीठ मागावं तशा आवाजात त्यानं सांगितलं की यंदाची बढती दुसऱ्याला मिळाली. मी विचारलं, का रे बाबा? तर एका मोठ्या लॉटमधून नमुने काढले होते, त्यातला एक मापात नव्हता. साहेब म्हणाले, हा एक गाळा आणि बाकीचे धरा. हा म्हणाला, "नमुना गाळता येत नाही. गाळायचा तर आख्खा लॉट गाळा." लॉट परत गेला, आणि त्याच्यापाठोपाठ बढती. "आंबट वरण हाय का आज?" असं म्हणून त्यानं वाटी पुढं केली.

आता मूळ गोष्ट. ती दाढीची आहे.

माझ्याकडं तेव्हा पाच-सहा पोरं जेवायला होती आणि गारगोटीचा आणि हा सोडला तर सगळ्यांना दाढ्या. माझ्या तरुणपणी दाढी म्हणजे माणूस एक तर बुवा, नाहीतर आजारी. आता तसं नाही. निपाणीचा एक पोरगा होता, त्याच्या दाढीला वेगळा कंगवा, वेगळं तेल. तेलाची बाटली एकदा लोणच्याच्या बरणीशेजारी राहिली आणि आमच्या ह्यांनी ती चटणीवर घेतली. वास बरा होता म्हणाले.

त्या निपाणीच्या पोराच्या मोबाइलवर पोरी बघायचं काहीतरी होतं. बोटानं फोटो सरकवायचे, आवडला तर तसं कळवायचं, तिकडून उत्तर आलं तर बोलणं सुरू. तो एकदा जेवताना म्हणाला की दाढीशिवाय पोरगी उत्तरच देत नाही, दाढी म्हणजे आता पुरुषाचं कुंकू आहे. गारगोटीचा म्हणाला की मी दाढी वाढवली तर मला दारात भिक्षा मिळंल, पोरगी मिळायची न्हाय. मग दोन्ही बाजूंनी पोरं भांडायला लागली. कुणाच्या चुलतभावाचं दाढीमुळं जमलं होतं, कुणाच्या मित्राचं दाढीमुळं मोडलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मोजलंय का?"

मग निपाणीचा म्हणाला, "तुम्हीच मोजा की. तुम्हाला तर अकरा वर्सं पोरी बघायचा अनुभव हाय."

पोरं हसली. तो हसला नाही, रागावलाही नाही. घास चावून गिळला आणि म्हणाला, "व्हय. मोजायला पायजे."

अकरा वर्षं ही गोष्ट खरी होती. वय सदतीस झालं होतं. आई गेलेली, वडील गावाकडं गुडघ्यांनी एका जागी बसलेले. बघायचे कार्यक्रम व्हायचे, पोहे खाऊन व्हायचे, आणि चार दिवसांनी कळायचं की योग नाही. का नाही ते कुणी सांगत नसतं. मला वाटतं त्याला नकाराचं तेवढं दुःख नव्हतं, कारण कळत नाही ह्याचं होतं. एकदा पोरं उठून गेल्यावर म्हणाला, "मावशी, कारखान्यात एकादा भाग रिजेक्ट केला तर मी कागदावर लिवून देतो, कुठं चुकलं ते. मला अकरा वर्सांत कुणी कागद दिला न्हाय."

मी उठले. भाकरीवर लोणी घातलं.

तर त्यानं चाचणी ठरवली. सहा मुली बिनदाढीनं बघायच्या, सहा दाढीनं. होकार कुठं जास्त येतात ते बघायचं आणि मग जन्मभर तोच चेहरा ठेवायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दाढी सोडून बाकी सगळं बारा वेळा तेच. शर्ट तोच, फिकट निळा. बूट तेच. पोहे दोनच चमचे खायचे. आणि बरोबर वडीलधारं माणूस तेच, म्हणजे मी.

मी म्हटलं, येते की. पोराचं कल्याण होत असेल तर बारा घरचे पोहे खाईन. तर तो म्हणाला, "साडीबी तीच लागंल, मावशी."

मोतिया रंगाची, हिरव्या काठांची साडी होती. त्या सालात मी ती इतक्या वेळा नेसले की माझी भावजय मला चौघींत म्हणाली, वन्सं, दाजींनी दुसरी घेतलीच न्हाय व्हय?

बिनदाढीचे सहा कार्यक्रम चैत्र ते ज्येष्ठात झाले. पाच नकार आणि हातकणंगल्याचा एक होकार. मी साखर वाटायला निघाले तर ह्यानं अडवलं. अजून सहा व्हायचे आहेत म्हणाला, अर्ध्या चाचणीत निकाल देता येत नाही. हातकणंगल्याच्या लोकांना त्यानं खरंखुरं सांगितलं, की दोन महिन्यांनी कळवतो. त्या लोकांनी महिनाभर वाट बघितली आणि मुलीचं दुसरीकडं लग्न लावलं. हा लग्नाला गेला, जेवला, आणि येऊन मला सांगितलं की मांडवाचे खांब ओळंब्यात नव्हते.

मी त्याला चांगलं धुतलं. म्हटलं, लेका, बायको म्हणजे लोखंड नव्हे, तपासून होईपर्यंत पेटीत पडून राहायला. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं की दाढी किती ठेवावी.

सात मिलिमीटर ठरली, अर्धा वर-खाली चालेल. आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या चाचांकडं तो व्हर्नियर घेऊन जायचा. चाचांच्या आजोबांपासून ते दुकान आहे, चांगल्या चांगल्या डोक्यांचं त्यांनी काही चालू दिलं नाही, पण ह्याच्यापुढं ते दमले. मला म्हणाले, "भाभी, हे गिऱ्हाईक न्हाय, परीक्षा हाय." दाढीचे कार्यक्रम त्यानं मुद्दाम श्रावणात धरले. कारखान्यात साहेबलोकांना दाढी आवडत नाही, पण श्रावणात कुणी कुणाला बोलत नाही. आपल्याकडं कितीतरी माणसं श्रावणात वस्तरा लावत नाहीत, तेव्हा हा त्या गर्दीत खपून जाईल. हिशोब बरोबर होता. तेव्हा मलाही बरोबरच वाटला.

आखाडातच दाढी वाढायला लागली. आणि दाढी आली तशी एक गोष्ट बाहेर पडली. डाव्या गालावर, जबड्याच्या जरा वर, एक गोल डाग होता, तिथं केसच येईनात. चाई पडली होती. रोज घोटून दाढी करायचा त्यामुळं ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. एका संध्याकाळी पोरांनी बघितलं आणि सगळी एकदम गप्प झाली. गप्प झाली हेच वाईट झालं. चिडवलं असतं तर बरं.

त्यानं भिंतीवरच्या आरशात बघून व्हर्नियर गालाला लावला. "एकोणीस," म्हणाला, आणि जेवायला बसला.

मी हळूच म्हटलं, थांबवूया का हे? तर म्हणाला, आपला चेहरा बरा दिसत न्हाय म्हणून चाचणी थांबवत नसतात. थांबवली नाही, पण मुली बघायला गेल्यावर तो भिंतीला डावा गाल देऊन बसायला लागला. भिंत नसली तर डावीकडं मी. मुलगी समोर आली तरी ह्याची मान तशीच, तिरपी. मुलगी बोलायची आणि हा कॅलेंडरकडं बघून उत्तर द्यायचा. जयसिंगपुरातून नकार आला तेव्हा मध्यस्थानं मला बाजूला घेऊन विचारलं की मुलाला एका कानानं ऐकायला येत न्हाय हे आधी का सांगितलं नाही.

दाढीचे तीन झाले, तीन नकार. चौथा कार्यक्रम वारणानगरला होता.

मुलगी बत्तीस वर्षांची. तिकडंच दुधाच्या तपासणीवर कामाला. रोज शेकडो नमुने तिच्या हाताखालून जायचे, कशात पाणी आहे, कशात नाही, ते ती सांगायची. घर साधं, कॉलनीतलं. आम्ही गेलो तेव्हा कोचावर ओळीनं तिचे वडील, चुलते आणि दोघं भाऊ बसले होते, चौघांच्याही दाढ्या वाढलेल्या. वडील म्हणाले, "या पावणं, वाट बघत हुतो." ह्यानं डावीकडची भिंत धरली. समोर काचेची कपाटं होती, त्यात बाहुल्या, कपबश्या आणि भावांचे कुस्तीचे कप. मुलगी आली, पोहे दिले, बसली. ह्यानं कपाटाकडं बघून तिला विचारलं की तुम्हाला काय आवडतं. ती म्हणाली, "बोलताना माणसानं माझ्याकडं बघितलेलं आवडतं."

तिच्या आईनं डोळे मोठे केले. भाऊ हसला. वडील म्हणाले, दोघांनी परसात जाऊन पाच मिनिटं बोलून घ्यावं, हल्ली तशी पद्धत आहे. माझ्यासारखीनं लांब थांबायची पद्धत आहे. मी धुण्याच्या दगडापाशी थांबले, तो काही फार लांब नव्हता.

"माझ्या मामीकडं कोल्हापुरात तुमचा बिनदाढीचा फोटो आलाय," ती म्हणाली. "आमच्याकडं दाढीचा आला. दोन कशाला?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी थाप मारली असती. ह्यानं सगळी चाचणी सांगितली. सहा आणि सहा, शर्ट, साडी, दोन चमचे पोहे. मी दगडाशेजारी उभी राहून पदरानं तोंड पुसत होते, म्हटलं झालं आता. पण ती नीट ऐकत होती. मधे एकदाच विचारलं.

"मी कितवी?"

"दहावी. दाढीतली चौथी."

"आणि कपाटाकडं का बघत हुता?"

त्यानं गालावर हात ठेवला. मग म्हणाला, "डाव्या गालावर चाई हाय. रुपयाएवढी."

"रुपयाएवढी न्हाय. आठ आण्याएवढी," ती म्हणाली. "समोरच्या काचेत दिसत हुती. मी मगापासून तीच बाजू बघत बसलीय."

"एकोणीस मिलिमीटर," हा म्हणाला.

मग ती म्हणाली की तिला हा माणूस पसंत आहे. अगदी असंच, दुधाचा नमुना पास केल्यासारखं. माझ्या हातातून पदर सुटला. आणि पाठोपाठ तिनं विचारलं की हा होकार तुम्ही कुठं लिहिणार. हा म्हणाला, दाढीच्या खान्यात.

"मग नको," ती म्हणाली. "मी दाढीला होकार दिलेला न्हाय. माझं नाव त्या खान्यात घालायचं न्हाय."

"नमुना गाळता येत न्हाय," हा म्हणाला. आवाज इतका बारीक की मला जेमतेम ऐकायला आला.

"मग मलाबी खान्यात बसता येत न्हाय," ती म्हणाली, आणि आत जाऊन पोह्यांच्या बश्या उचलायला लागली.

निघताना तिच्या वडलांनी मला सांगितलं की सांगलीचं एक बँकेतलं स्थळ थांबलेलं आहे, तेव्हा काय ते गणपतीच्या आत कळवा. पुढं पितृपक्ष, मग बोलणं होत नाही. येताना एसटीत तो खिडकीशी बसला. कोल्हापूर येईपर्यंत एकच वाक्य बोलला. "मावशी, ती मगापासून तीच बाजू बघत हुती."

त्यानंतर त्यानं भाकरी मोजायची सोडली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार दिवस. ताटात पडेल ते खायचा. पोरांना सगळं कळलं होतं, ती आपापल्या परीनं सल्ले देत होती. निपाणीचा म्हणाला, एक नमुना गाळा की हो, कोण बघायला बसलंय? तर हा अर्ध्या ताटावरून उठला. मी निपाणीच्याला म्हटलं, तू तुझं तेल लाव. पण खरं सांगते, मनातून मीही तेच म्हणत होते. एवढं काय त्यात? कागदावरचं एक खोडायचं. पण बढती गेली तरी ज्यानं खोडलं नाही, तो आता खोडेल तर मग तो तोच माणूस राहील का? आणि नाही खोडलं तर हातकणंगल्यासारखं होणार. ह्या वेळी तो लग्नाला जाऊन जेवून येईल असं मला वाटत नव्हतं.

पाचव्या दिवशी शुक्रवार होता. श्रावण असल्यामुळं रस्सा नाही, म्हणून पोरांची तोंडं आधीच पडलेली. मी भाकऱ्या थापत होते. तो समोर बसला होता आणि मी आपली बोलत होते, गप्प बसणं मला जमत नाही. वारणेच्या घराबद्दलच बोलत होते. कप किती होते, बाहुल्या किती होत्या. म्हटलं, कोचावर ते चौघं दाढीवाले ओळीनं बसलेले बघून मला आधी कळेचना मुलीचे वडील कुठले. आणि मग सहज म्हटलं, "तुझ्या दाढीकडं तिथं कुणी बघितलं असंल असं मला वाटत न्हाय, बाबा. श्रावणात दाढी कुणाला दिसती?"

त्यानं मान वर केली.

"काय म्हणाला तुम्ही, मावशी?"

"आरं, सगळ्यांनाच असती की. महिन्यानं जाणारच म्हणून कोण मनावर घेतंय? जयसिंगपुरात मुलीच्या मामाची तर तुझ्याहून मोठी हुती."

तो हळूहळू सगळीकडं बघायला लागला. पाटावर आमचे हे बसले होते, पांढरी दाढी वाढवून. ते दर श्रावणात वाढवतात आणि हा महिनाभर रोज त्यांच्या समोर जेवत होता. शेजारी गारगोटीचा पोरगा, ज्याला दाढी म्हणजे भिक्षा वाटायची, त्यालाही खुंट आले होते, कारण त्याच्या आईनं श्रावण पाळायला सांगितला होता. त्यानं मला बाकीच्या घरांतली माणसं एकेक करून विचारली. मी एकेक करून सांगितली. बायकांच्या हे लक्षात राहतं.

"दोन गोष्टी बदलल्या," तो म्हणाला. "दाढी बदलली आणि महिनाबी बदलला."

कुणाला काही कळलं नाही. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बारा खाने आखलेले होते. लाल पेनानं त्यानं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिलं, आख्खा लॉट रिजेक्ट. कारण लिहिलं. सही केली. तारीखही घातली. मग त्यानं ताटातली भाकरी उचलून मोजली, "साडेतीन, सारखी हाय," म्हणाला, आणि त्या दिवशी चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. चार वर्षांतली पहिली. रविवारी ठरलेल्या दोन घरांना त्यानं फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि सकाळच्या एसटीनं वारणेला गेला. तोच निळा शर्ट घालायला लागला तेव्हा मी म्हटलं, आता तरी बदल की. बदलला. पिवळा घातला. निळाच बरा होता, पण मी बोलले नाही.

तिथं काय झालं ते मला तिनं नंतर सांगितलं, तेव्हा ते खरं धरायला हरकत नाही. ती कामावर होती. शिपायानं येऊन सांगितलं की फाटकात कुणी पावणं आलेत. ती बाहेर आली तर हा हातात तो कागद धरून उभा. त्यानं कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वर-खाली पूर्ण वाचला, श्रावणाचं कारणही वाचलं आणि मान डोलावली. तिच्याकडंही दूध नीट ढवळल्याशिवाय काढलेला नमुना धरत नाहीत म्हणे.

"एक रजा घालवून हे दाखवायला आलाय?" तिनं विचारलं.

"व्हय. आता तुमचा होकार कुठल्याच खान्यात न्हाय."

"मग कुठं हाय?"

"तुमच्याकडंच हाय," तो म्हणाला. "द्यायचा असला तर परत द्यावा लागंल."

समोर चहाची टपरी होती, तिथं दोघं गेली. बाकड्यावर हा सवयीनं डावा गाल भिंतीला लावून बसायला लागला, तर तिनं त्याला उठवलं आणि भिंतीच्या बाजूला स्वतः बसली. चहा आल्यावर तिनं होकार दिला.

सांगलीच्या स्थळाला तिच्या वडलांनी गणपतीच्या आतच कळवलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. मी त्या दिवशी वेगळी साडी नेसले, तर भावजय म्हणाली, ओळखलंच नाही.

मांडवात पोरांनी त्याला गाठलंच. म्हणाली, ते सगळं राहू द्या, दाढी चांगली का वाईट, तेवढा निकाल सांगा. तो बाशिंग सावरत म्हणाला की चाचणी झालीच न्हाय, तुम्ही घ्या, फक्त श्रावणात घेऊ नका. निपाणीच्या पोरानं दाढी ठेवली आहे आणि तो अजून बघतोच आहे. गारगोटीच्याचं जमलं. तो म्हणतो, दाढी नव्हती म्हणून. त्याला आता कोपऱ्यातून विचारणारं कुणी नाही.

तो वारणेला राहायला गेला. नोकरी तीच, फक्त आता बस लांबून धरतो. गेल्या महिन्यात मी तिकडं गेले होते. ह्यानं दार उघडलं. श्रावण नाही, काही नाही, आणि दाढी वाढलेली. मागच्या खेपेला गुळगुळीत होता. मी विचारलं, हे कुणाच्या आवडीनं? तर म्हणाला, कुणाच्याच न्हाय, कधी करतो, कधी राहती. मी जवळ जाऊन त्याचा डावा गाल बघितला. चाईवर केस आले आहेत, पण पांढरेशुभ्र. काळ्या दाढीत गोल ठिपका, कुणी चुन्याचं बोट लावल्यासारखा.

मी म्हटलं, "लहान झाल्यासारखी वाटती रे. केवढी हाय आता?"

"मोजली न्हाय, मावशी," तो म्हणाला.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थापणं थांबलं.

"सतरा," ती आतून म्हणाली. "दोननं कमी आलीय."